पुण्यातली पंचतारांकित हॉटेले

शहरात नोकरीला असलेल्या भाच्याचे लग्न हल्ली अशा हॉटेलात असते, अन् आपण आहेर घेऊन दाराशीच बिचकतो. बिचकू नका. पाट्या पुष्कळ, पण कंपन्या थोड्या. सेनापती बापट रस्त्यावरचे जे. डब्ल्यू. मॅरियट, येरवड्याचे रिट्झ-कार्लटन, स्टेशनाजवळचे शेरेटन ग्रँड, कोरेगाव पार्काकडचे वेस्टिन ही सारी नावे मॅरियट कंपनीची. शेरेटन-वेस्टिनवाली स्टारवूड तिने २०१६ साली विकत घेतली. मंगलदास रस्त्यावरचे कॉनरॅड मात्र हिल्टनचे.

रेल्वेने येणाऱ्याला शेरेटन सोयीचे. वाकडेवाडीला एस.टी.तून उतरलात, तर रिक्षा कुठेही करावीच लागेल. गादी सगळीकडे मऊच! फरक कळतो तो बिलात. दिवसाला साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जी.एस.टी. बसतो, सांगितलेला भाव करासह की कराविना, हे आधी विचारा. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या बाटलीचे पैसे पडतात. टेबलावरचे पाणी बहुधा फुकट. लॉजसारखे चोवीस तास इथे नसतात, दुपारी बाराच्या सुमारास खोली सोडावी लागते. प्रत्येकाचे आधारकार्ड जवळ ठेवा. नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर सावकाश, पोटभर खा. दुपारचे जेवण वाचते.