एक दिवस मतांचा, बाकीचे दिवस मुलांचे

निवडणूक जाहीर झाली की गावात सगळ्यांत आधी कोणाची आठवण होते? कोणी म्हणेल पुढाऱ्याची, कोणी म्हणेल मतदाराची. माझा अनुभव असा, की सगळ्यांत आधी आठवण होते ती शाळेची. महसूल खात्याचा माणूस येऊन खोल्या पाहून जातो. ग्रामपंचायतीचा शिपाई नळाची तोटी बदलतो. वायरमन येऊन दिवे लागतात की नाही ते बघतो. भिंतीवर केंद्राचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला जातो. पायरीचा जो दगड वर्षभर डुगडुगत होता, तो एका दुपारीत सिमेंटने पक्का बसतो.

मी शेतीखात्यातला माणूस. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो आणि नोकरीला लागलो. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा मी नोकरीत नवखाच होतो. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक असो, मातीचा नमुना कसा घ्यावा हे दाखवायचे असो की कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची सभा असो, मला जागा मिळाली ती बहुतेक वेळा शाळेच्या पटांगणातच. निवडणूक आली की माझ्यासारख्यांना हुकूम निघतो, आणि बियाण्याच्या पिशव्या ठेवून आम्ही मतदानयंत्राची पेटी उचलतो. त्यामुळे खेड्यातल्या पुष्कळ शाळांचा मी दुहेरी पाहुणा आहे. एकदा शेतीचा, एकदा मतांचा.

मतदान शाळेतच का, असे पुष्कळांना वाटते. त्याला कारणे आहेत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदान केंद्रे ठरवण्याचे काम जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचे, आणि त्याला निवडणूक आयोगाची मान्यता लागते. केंद्र शक्यतो सरकारी किंवा निमसरकारी इमारतीत आणि तळमजल्यावर असावे, मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये, असा आयोगाचा दंडक आहे. पोलीस ठाणे, दवाखाना, देऊळ किंवा कोणतेही धर्मस्थान केंद्रासाठी चालत नाही. आता आपल्या खेड्यात या चाळणीतून खाली काय उरते ते बघा. बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा, नाहीतर समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची खोली.

देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे पहिले मत हिमाचलातल्या कल्पा या गावी २५ ऑक्टोबर १९५१ रोजी पडले, तेही शाळेतच. मत देणारे श्यामसरण नेगी स्वतः शाळामास्तर होते. बर्फ पडून वाटा बंद होण्याआधी तिथले मतदान उरकून घेतले होते. आपला मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. आपली चिठ्ठी आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची, एवढेच मतदाराचे काम. एकाच कागदावर शिक्का मारायची पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत १९६२ पासून आली. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पुढे शिक्का जाऊन यंत्र आले, पण मतदानाची खोली तीच राहिली.

देऊळ का नको, हा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एका खेड्यात शाळेची खोली मोडकळीस आली होती. पाहणीच्या वेळी चार शहाणी माणसे म्हणाली, "साहेब, देवळाचा नवा सभामंडप आहे, फरशी आहे, पंखे आहेत, तिथेच घ्या ना." बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. सोबतच्या अधिकाऱ्याने नियम सांगितला आणि विषय मिटला. निघताना वस्तीतले एक म्हातारबाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बरं झालं साहेब. शाळेत माझं पोरगं शिकलं. तिथं मला कोणाला इचारावं लागत नाही."

या एका वाक्यात सगळे आले. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडून मंजूर करून घेतला होता, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत. ठराव झाला, पण पाण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. कागदावर खुली झालेली जागा मनाने खुली व्हायला पिढ्या लागतात. शाळेची ओटी लेकरांच्या पायांनी आधीच सगळ्यांची झालेली असते. म्हणून मताची रांग तिथे सरळ लागते. पुढे पाटील, मागे सालगडी, त्यामागे तांड्यावरची बाई. त्या रांगेत कोणी कोणाला "मागं सर" म्हणत नाही.

आता मतदानाच्या दिवशी शाळेत काय चालते ते थोडे सांगतो. आदल्या दिवशी दुपारी आमची गाडी पोचते. वर्गातली बाके पटांगणात जातात. दोन बाके जोडून कोपऱ्यात मत देण्याची जागा केली जाते, आणि कोणाला काही दिसू नये म्हणून भोवती पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहतो. मग भिंतींकडे बघावे लागते. कोणत्याही पक्षाचे चिन्ह किंवा पुढाऱ्याचे चित्र केंद्रात दिसता कामा नये. पहिलीच्या वर्गात तर कमळ असते, घड्याळ असते, आणि मुलांनी रंगात हात बुडवून उमटवलेले पंजेही असतात! बिचाऱ्या मुळाक्षरांच्या तक्त्याला वर्तमानपत्राने झाकून एक दिवस मुके करावे लागते.

रात्री आम्ही त्याच फरशीवर सतरंजी टाकतो. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई पिठलं-भाकरी करून आणतात. पहाटे उठून उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान होते. यंत्र बरोबर चालते हे त्यांना दाखवायचे, ती मते पुसायची, मोहोर लावायची आणि सात वाजता दार उघडायचे. संध्याकाळी सहाला जो रांगेत उभा आहे, त्याला चिठ्ठी देऊन रात्र झाली तरी मत देऊ द्यायचे. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करायला बंदी असते. त्या शंभर मीटरात फक्त शाळा असते आणि मतदार असतो.

२०२४ साली आपल्या जिल्ह्यात अशी दोन मोठी मतदाने झाली. लोकसभेचे २६ एप्रिलला, हळदीची शिजवणी उरकत आली असताना, भर उन्हात. विधानसभेचे २० नोव्हेंबरला, कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी चालू असताना. शेतकऱ्याच्या घरी मोकळा दिवस कधीच नसतो. तरी तो येतो, बाईला घेऊन येतो. त्याला पाणी, सावली आणि चढायला उतार मिळाला पाहिजे, हे आयोगाने ठरवून दिले आहे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, वीज, सावली आणि अपंगांसाठी उतार या किमान सोयी प्रत्येक केंद्रावर असाव्या लागतात.

दुखणे आहे ते इथेच. या सोयी मतदाराच्या असतात तशाच त्या मुलांच्याही असतात. मतदाराला त्या एक दिवस लागतात आणि मुलाला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस लागतात. पण पुष्कळ ठिकाणी मी असे पाहिले, की मतदानासाठी बसवलेली पाण्याची टाकी पुढच्या पंधरवड्यात कोरडी पडते, स्वच्छतागृहाला कुलूप लागते आणि दिव्याचा होल्डर तेवढा लोंबत राहतो. पाहुण्यांसाठी घोंगडी अंथरायची आणि घरच्या लेकराला भुईवर निजवायचे, असला हा प्रकार झाला.

याची किंमत केवळ मुलेच देतात असेही नाही. एका तांड्यावर दोन खोल्यांची शाळा होती. एका खोलीचे पत्रे वाऱ्याने उडाले आणि दुसरीला भेगा गेल्या. कोणी लक्ष दिले नाही. निवडणूक आली तेव्हा खोली धोक्याची म्हणून केंद्र ओढ्यापलीकडच्या गावात गेले. अंतर नियमात बसत होते, पण दिवस वेचणीचे होते. गडीमाणसे मोटारसायकलवर जाऊन आली. बाया सकाळी शेतात गेल्या त्या दिवस मावळता परतल्या, आणि म्हातारी माणसे ओढा उतरायलाच तयार होईनात. आपल्या खोलीत मत नाही म्हणजे काय, हे त्या तांड्याला त्या दिवशी कळले. मग लोक जागे झाले. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव केला, ग्रामसभेत तो रेटला, ग्रामपंचायतीने पैसे घातले, पुरुषांनी श्रमदान केले. पत्रे बसले, भेगा बुजल्या. पुढच्या निवडणुकीला केंद्र परत आले, पण त्याच्या कितीतरी आधी पहिली-दुसरीची पोरे त्या खोलीत बसू लागली होती. आधी शाळा गेली म्हणून मत गेले, आणि शाळा उभी राहिली तेव्हा मत आपल्या पायाने परत आले.

म्हणून माझे वाचकांना सांगणे थोडेच आहे. शेतीच्या कामाइतकेच सोपे आहे.

मतदान केंद्रांची यादी पक्की होण्याआधी तिचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती-सूचना मागवतात. तहसील कार्यालयात तो बघावा. केंद्र लांब पडत असेल, वाटेत ओढा-नाला असेल, तर त्याच वेळी लेखी कळवावे. मतदानाच्या आदल्या रात्री ओरडून उपयोग नसतो. एका केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार ठेवत, ती मर्यादा २०२५ मध्ये आयोगाने १,२०० वर आणली आहे. तेव्हा मोठ्या गावात आणखी खोल्या लागतील, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ही समिती सहीपुरती ठेवू नका. मतदान संपले की दुसऱ्याच आठवड्यात समितीने शाळेत फेरी मारावी. नळ, दिवे, उतार, स्वच्छतागृह यातले काय नवे झाले त्याची यादी वहीत लिहावी आणि दर महिन्याला त्यापुढे खूण करावी. आपण पंपाचे आणि फवाऱ्याचे जसे बघतो, तसेच.

तिसरे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत निदान एकीत तरी शाळेच्या छताचा विषय घ्यावा. मे महिन्याचा मुहूर्त उत्तम, कारण पावसाआधी पत्रे पाहायचे असतात. गोठ्याचे छप्पर आपण मिरगाआधी शाकारतो. लेकरांच्या डोक्यावरचे छप्पर त्याहून कमी मोलाचे आहे काय?

मते मागायला येणारा प्रत्येक माणूस त्या दिवसांत शाळेवरून जातो. त्याला रस्ता मागा, पाणी मागा, विमा मागा. पण त्याला एकदा वर्गात नेऊन गळणारी जागाही बोटाने दाखवा. मताची शाई ज्या बोटाला लागते, त्याच बोटाने दाखवा.