सापाला सर्दी झाली तर?

हसू नका मंडळी! पावसाळ्यात एकजण खोकला की आपली अख्खी विंग खोकते. सापाला मात्र खोकताच येत नाही. छाती आणि पोटामधला पडदा त्याला नसतो, मग साठलेला कफ बाहेर टाकणार कसा? बिचारा मान वर करून, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो. शिट्टीसारखा आवाज येतो, नाकपुडीशी बुडबुडे दिसतात, खाणं सुटतं.

आमच्या मंगळवेढ्यात नागपंचमीला गारुडी दारात आला की आजी दुधाची वाटी घेऊन हजर! तहानलेला नाग दूध पितोही. पण त्याची श्वासनळी तोंडातच, तळाशी उघडते. जबरदस्तीने पाजलेलं दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया ठरलेला.

"आजी, तू त्याला आजार पाजतेयस गं!"

"कॉन्व्हेंटात हेच शिकवतात का?"

वर्षभर अबोला नव्हता, पण वाद होता. पुढच्या पंचमीला तिने वाटी मातीच्या नागापुढे ठेवली आणि गारुड्याला पायलीभर ज्वारी दिली. तीही मालदांडी!

परदेशात पाळीव सापांना हा आजार बहुधा गारठ्याने, ओलीने होतो. तिथे पेटी उबदार, कोरडी ठेवतात आणि प्राण्यांचे डॉक्टर अँटिबायोटिक देतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे इथले साप पाळताच येत नाहीत. तेव्हा होस्टेलमागे असा धापणारा साप दिसलाच तर हळद-बिळद, दूध काही नको. लांब उभं राहा आणि वनखात्याला १९२६ वर फोन लावा.