चित्रांना फुटलेले पाय

चित्र मुळात निश्चल. भिंतीवरचा घोडा कितीही उमदा असला, तरी तो एक पाऊलही टाकीत नाही. परंतु त्याच घोड्याची थोड्याथोड्या फरकाची चित्रे सेकंदाला चोवीस या वेगाने डोळ्यांपुढून सरकली, की तो दौडू लागतो. यात जादू थोडी, चिकाटी फार. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली आगपेटीतील काड्या किंचित हलवीत, दर वेळी एक चित्र टिपीत, त्यांची मौज पडद्यावर आणली.

कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनाही हालत्या चित्रांचा ध्यास लागला होता. कॅमेरा आपल्याच हातांनी घडवायचा, हा त्यांचा निश्चय. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. यंत्र अपुरे राहिले. बाबूरावांनी दुःख गिळले आणि विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते पुरे केले. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ झळकला.

पुढे दामले व त्यांच्या सोबत्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ स्थापली. ती पुण्यास गेल्यावर १९३४ साली तिने ‘जंबूकाका’ हा रेखाचित्रांचा लघुपट काढला.

या कलेच्या आरंभी प्रत्येक चित्रात देखावाही नव्याने काढावा लागे. मग पारदर्शक सेल्युलॉइड आले. देखावा एकदाच रंगवून हालणारे पात्र तेवढे त्यावर मांडता येऊ लागले. १९९५ चा ‘टॉय स्टोरी’ तर संपूर्णपणे संगणकावर रचला गेला.

साधने पालटली. परंतु निश्चल चित्रात चाल पाहणारी दृष्टी आणि अर्ध्यावर राहिलेले काम तडीस नेणारी जिद्द कोणत्याही यंत्रातून निघत नाही; ती माणसालाच आणावी लागते.