आर्णीच्या दोन सायकली कोकणात

माझ्या मित्राला आर्णीत सगळे पेंटर म्हणूनच ओळखतात, म्हणून मीही इथे तेच नाव वापरतो. पंचवीस वर्षे त्याने सायकलच्या कॅरिअरला रंगाचे डबे बांधून गावोगावच्या पाट्या रंगविल्या. फ्लेक्स आले आणि हाताने काढलेली अक्षरे गेली. त्याच्या खोलीत एका जुन्या कॅलेंडरचे चित्र होते. निळा समुद्र, कड्यावरून जाणारा रस्ता आणि त्यावर सायकल चालविणारे दोघे. खाली इटली असे लिहिले होते. ते चित्र पाहून तो नेहमी म्हणायचा, "बाबू, एकदा असं जाऊ."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत सायकल ही सहलीची वस्तू कधीच नव्हती. माझे वडील तिच्यावर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात. पंक्चर झाली की त्या दिवसाची हजेरी अर्धी. म्हणून केवळ फिरण्यासाठी सायकल काढायची, तेही वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, याची मला थोडी लाजच वाटत होती. पण २०२४ च्या डिसेंबरात माझ्या चार किरकोळ रजा उरल्या होत्या, ३१ तारखेनंतर त्या बुडाल्या असत्या. सौ. म्हणाली, "जाऊन या. त्याचंही मन रमेल." इटली नाही तर नाही, समुद्र कोकणातही आहे.

मला जाण्याचे आणखी एक कारण होते, ते मी घरीही सांगितले नव्हते.

दोन्ही सायकली जुन्या ॲटलस. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, पण या अजून चालतात. गिअर वगैरे काही नाही. बडनेऱ्याला पार्सलमध्ये टाकून कल्याणला उतरविल्या आणि तिथून एका टेम्पोतून महाडला पोहोचलो. दिवस मुद्दाम २५ डिसेंबरचा धरला होता. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृतीचे दहन केले, आणि त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शिदोरीतल्या भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सावित्री नदीच्या बाजूने म्हाप्रळकडे निघालो.

आम्ही सपाट मुलखातली माणसे. कोकणात सपाट रस्ता म्हणजे दोन चढांमधली विश्रांती, हे पहिल्या तासातच कळले. चढ आला की उतरून ढकलायची आणि उतार आला की ब्रेक दाबून जीव मुठीत धरायचा. मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. तिथल्या स्मारकापाशी पोहोचलो तेव्हा पेंटरचे गुडघे थरथरत होते. "काहून बे, एवढ्या डोंगरातून रामजीबाबाचं घराणं फौजेत गेलं," एवढेच तो बोलला आणि फरशीवर आडवा झाला.

पुढे वेळासला समुद्र दिसला. समुद्र आम्ही पाहिला नव्हता असे नाही. पण तो चैत्यभूमीचा, ६ डिसेंबरच्या गर्दीत, रांगेत उभ्या उभ्या पाहिलेला. इथे किनाऱ्यावर माणूसच नव्हता. वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. गावकरी ती अंडी जाळीच्या कुंपणात जपून ठेवतात आणि पिले बाहेर आली की समुद्रात सोडतात. पूर्वी हीच अंडी चोरली जात, २००२ पासून हे संरक्षणाचे काम सुरू आहे. पिलांचे दिवस अजून दूर होते, म्हणून आम्हाला नुसती वाळूच दिसली. तरी पेंटर तासभर बसून होता.

केळशी, आंजर्ले करीत तिसऱ्या दिवशी हर्णैला आलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला, आणि किनाऱ्यावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव. होड्यांतून आलेली मासळी, बर्फ, आरडाओरड, डोक्यावर पाट्या घेऊन धावणाऱ्या बाया. मला माता रमाईच्या वडिलांची आठवण झाली. भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. आपण हे वाक्य जयंतीच्या भाषणात कितीदा बोलतो! ती टोपली खांद्याला कशी लागत असेल, हे हर्णैला कळले. पाणी गळून मानेवरून पाठीत जाते, आणि वास अंघोळ करूनही जात नाही.

त्या रात्री खोलीवर माझ्या मुलाने मोबाईलमध्ये भरून दिलेला एक जुना इटालियन चित्रपट पाहिला, १९४८ सालचा, 'बायसिकल थीव्हज'. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका. रोम शहरात भिंतीवर पोस्टर चिकटविण्याची नोकरी एका बेकार माणसाला मिळते. अट एकच, सायकल हवी. घरातल्या चादरी गहाण टाकून तो ती सोडवून आणतो, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पेंटर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कॅलेंडरात हे नव्हतं दाखवलं." आणि उठून, खाली लावलेल्या आमच्या सायकलींना साखळी आहे का ते पाहून आला.

चौथ्या दिवशी दापोलीचा चढ. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट उंच. रामजीबाबा फौजेतून निवृत्त झाल्यावर काही काळ इथे राहिले होते. जवळच वणंद, रमाईचे माहेर. दोन्ही ठिकाणी नमन करून पाचव्या दिवशी दाभोळला उतरलो. वाशिष्ठीच्या खाडीवर तिथे फेरीबोट आहे, माणसे, मोटारी, सायकली सगळे पलीकडे धोपाव्याला नेते. बोट यायला अवकाश होता. मी ठरविले, आता बोलायचे.

२०१९ च्या जयंतीचा हिशेब माझ्याकडे होता. बी.कॉम. झालेला म्हणून मंडळाने दिलेला. सभेत मी सांगितले की रंगकामाच्या खात्यात ३,४०० रुपयांची पावती मिळत नाही. पेंटरचे नाव मी घेतले नव्हते, पण रंगकाम करणारा एकच होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो काही बोलला नाही. पाच हप्त्यांत त्याने पैसे भरले. २०२१ साली टाळेबंदीत फायली आवरताना ती पावती मला माझ्याच फायलीच्या कव्हरमध्ये सापडली. तीन वर्षे मी ती खिशात घालून फिरलो आणि काही बोललो नाही.

मी पावती त्याच्या हातात दिली. त्याने ती पाहिली, घडी केली आणि परत दिली.

"मले माहीत होतं. तुयाच हातात देली होती मी."

"मग सभेत बोलला काहून नाही?"

"तुले सभेत खोटं पाडलं असतं, तर पुढच्या वर्षी हिशेब मागाले कोण उभं राह्यलं असतं? आपल्या मंडळात हिशेब विचारणारा तूच एकटा होता." मग थोडे थांबून म्हणाला, "पण राग आला होता बे. लई आला होता. माया पोरीनं विचारलं होतं, बाबा, तुम्ही पैसे घेतले का."

मला काही बोलता आले नाही. बोट आली. आम्ही सायकली आत घेतल्या, मोटारींच्या मधे, हाताने धरून. दहा-एक मिनिटांचे पाणी असेल. पलीकडे गुहागरपर्यंत तो पुढे आणि मी मागे.

चिपळूणहून रेल्वेने परत आलो. प्रवासाचा हिशेब मी ठेवला होता, माणशी चार हजारांच्या आत बसला.

जानेवारीच्या मासिक सभेत मी उभा राहिलो, पावती सर्वांसमोर ठेवली आणि चूक माझी होती हे सांगितले. त्याच्या मुलीला सभेला यायला मी स्वतः सांगून आलो होतो, ती मागच्या सतरंजीवर बसली होती. एकजण म्हणाला, जुनं कायले काढता. मी म्हटले, हिशेब जुना होत नसतो. ३,४०० रुपये मंडळाने त्याला परत केले, आणि रोजकीर्दीत ती नोंद माझ्या हाताने झाली. रेव्हेन्यू तिकिटावर पेंटरने सही केली, पाटीवर काढतो तशा ठसठशीत अक्षरांत, आणि तिकिटाबाहेर गेली म्हणून हसला.