कच्चा रंग, पक्का रंग

सोलापूरच्या उन्हाविषयी बाहेरगावच्या माणसाजवळ बोलण्यात अर्थ नसतो. त्याला ती बढाई वाटते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, हे त्याने वर्तमानपत्रात वाचलेले असते. पण हे ऊन नेमके काय काय खाते, ते वाचून कळत नाही. ते आधी रंग खाते; आणि त्यातही त्याची आवडनिवड असते. रस्त्याकडेचा एखादा जुना फलक पाहा. वाढदिवस होऊन वर्ष उलटले तरी पुढारी अजून तारेला लटकत असतो. पण त्याच्या कपाळीचे कुंकू गेलेले, गालांची लाली गेलेली, खांद्यावरच्या उपरण्याचा रंगही उडालेला, आणि तो स्वतः नखशिखांत निळा पडलेला! समोरच्या खांबावरचा विरोधी पक्षाचा पुढारीही तितकाच निळा. इतकी निःपक्षपाती वृत्ती आमच्या गावात दुसऱ्या कुणाकडे नाही.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. रंगीत छपाई म्हणजे चार शायांचा संसार: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. लाल नावाची शाई त्यात नसतेच. किरमिजी आणि पिवळी एकमेकींवर पडल्या की लाल दिसतो. उन्हातले अतिनील किरण रंगाच्या रेणूंची जोडणी तोडतात, आणि बहुधा याच दोघी आधी शरण जातात. निळीच्या रेणूत तांब्याचा अणू ठाण मांडून बसलेला असतो, ती चिवट. काळी तर बहुतेक वेळा काजळीच. तिला काय धाड भरली आहे? म्हणून चित्रातला लाल प्रथम जातो आणि निळा मागे उरतो.

एवढी चौकशी मी करण्याचे कारण आमच्या फाटकावरचा मोर.

आमच्या वसाहतीतली घरे एकाच साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी आहेत. तोच उंबरा, तेच करडे फाटक. आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. पाय खणखणीत, पण आठवण विरत चाललेली. घराचा क्रमांक तिच्या लक्षात राहीना. नावाची पाटी वाचायला चष्मा लागे, आणि चष्मा घरात राहिलेला असे. चित्र आणि रंग मात्र ती विसरत नसे. म्हणून आमच्या मुलीने युक्ती काढली. आईच्या माहेरच्या जुन्या चादरीवर लाल मोर आहे. त्याचे छायाचित्र घेतले, आणि एका दुकानातून हातभर मोठा स्टिकर करून फाटकावर लावला. आई खूश झाली. “मोराचं घर झालं की गं आपलं,” म्हणाली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीला जायची आणि मोर पाहून आत वळायची.

दिवाळीत लावलेला हा मोर 2023 च्या मे महिन्यात पुढाऱ्यांच्या वाटेने गेला. एके संध्याकाळी आई फाटकावरून सरळ पुढे निघून गेली आणि गल्लीच्या टोकाशी परक्याच घराची कडी काढू लागली. तिथल्या बाईंनी हाताला धरून आणून सोडले. सौ. जरा रागावलीच, तिला काळजी वाटली की ती रागावते. आई शांतपणे म्हणाली, “आपला मोर लाल हाय. ह्यो निळा कुणाचा?”

यावर उत्तर काय देणार? तिचे बरोबरच होते.

त्या रात्रीपासून मी विनाईलच्या मागे लागलो. घरच्या शाईच्या प्रिंटरवर चालणारे विनाईल बाजारात मिळते: पांढरे, चिकट पाठीचे, कागदाच्या मापाचे. त्याच्या एका अंगाला शाई पिणारा लेप असतो. छपाई त्याच अंगावर करायची. लेप नसलेल्या विनाईलवर शाई पसरते आणि बोट लागले की पुसते. पण खरी गोम शाईत आहे. घरगुती प्रिंटरमध्ये रंगीत शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळलेली असते. तिचा एकेक रेणू सुटा, म्हणजे उन्हापुढे एकटाच उभा. दुसरी जात पिगमेंटची. तिच्यात रंग विरघळत नाही. त्याचे बारीक कण तरंगत असतात. वरचे थर उन्हाने खाल्ले तरी कणाच्या पोटातला रंग शाबूत राहतो. एक भिडस्त माणूस आणि एक भरलेले एकत्र कुटुंब, इतका दोघांत फरक.

आईला हे सांगावे लागले नाही. तिच्या माहेरी चादरीचे माग होते. मी छापलेला पहिला कागद पाहताच तिने पदराचे टोक ओले केले आणि मोराच्या मानेवरून फिरवले. पदर गुलाबी झाला. “कच्चा हाय,” ती म्हणाली आणि उठून गेली. शेजारच्या वाड्यातल्या बायकोची नावे तिला आठवत नव्हती. कच्चा रंग आठवत होता.

चादरीवरचा मोर इतकी वर्षे धुणी सोसून अजून लाल कसा, हा प्रश्न मग मला छळू लागला. सोलापुरी चादर भौगोलिक मानांकन मिरवते. पण आमच्या गावात तिची खरी परीक्षा न्हाणीघरातल्या दगडावर होते. पक्क्या रंगांच्या एका घराण्यात, ज्यात आपली नीळही येते, रंग आधी विरघळवून सुताच्या पोटात शिरवतात आणि मग हवा लागून तो तिथेच पुन्हा न विरघळणारा होतो. आत गेला तो गेला. बाहेर यायची वाट बंद. पिगमेंटचाही आधार हाच, न विरघळण्याचा. फरक इतकाच की विनाईलला सुतासारखे पोट नाही. रंग वरच बसतो, म्हणून त्याला छत्री द्यावी लागते.

ही छत्री म्हणजे अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर. तो लावण्याआधी छापील मोर पुरता दिवसभर वाळू द्यायचा. आतली ओल कोंडली तर थर पुढे फुगतो. आणि थर मोरापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन दोरे मोठा कापायचा, म्हणजे कडा झाकल्या जातात आणि पाणी बाजूने आत शिरत नाही. पाऊस वरून येत नाही; तो कडेने येतो.

कापडाच्या प्रयोगशाळांत रंगाचा टिकाऊपणा मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात. पहिली सर्वांत कच्ची, आणि पुढची प्रत्येक मागचीपेक्षा साधारण दुप्पट तग धरणारी. माझ्याजवळ लोकर नव्हती, गच्ची होती. लाल रंगाच्या चार पट्ट्या कठड्यावर ठेवल्या आणि प्रत्येकीचा अर्धा भाग पत्र्याने झाकला. साधी शाई उघडी, साधी शाई थराखाली, पिगमेंट उघडे, पिगमेंट थराखाली. तोवर दर पंधरा दिवसांनी फाटकावर ताजा मोर चिकटवीत होतो, ते वेगळेच. सौ. म्हणे, “लोक गच्चीवर पापड घालतात, आपल्याकडे रंग वाळत घातलेत.” जुलै लागताच पत्रे उचलले. पहिली पट्टी झाकलेल्या अर्ध्यात लाल आणि उघड्या अर्ध्यात आजारी माणसाच्या नखासारखी. दुसरी फिकट गुलाबी. तिसरीचा रंग बरा, पण पावसाने कडा सोललेल्या. चौथीवरची सीमारेषा शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

श्रावणात मोर लावला. पत्रा उन्हात तापलेला असताना लावू नये, म्हणून सकाळी. फाटक आधी स्पिरिटने पुसले, मोराचे कोपरे गोल कापले, कारण टोकदार कोपरा पहिल्यांदा उचकटतो. साबणाच्या पाण्याचा हलका शिडकावा करून मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी काढले. आई खुर्ची टाकून बसली होती. शेवटी उठली, पदर ओला केला आणि मोराच्या मानेवरून फिरवला. पदर पांढराच राहिला. ती काही बोलली नाही. पदर तेवढा मला दाखवला.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. त्याच दिवशी छापलेला दुसरा मोर कपाटात ठेवला आहे; तो शेजारी धरला तर फाटकावरचा लाल किंचित उतरलेला दिसतो. नुसता पाहिला तर कळत नाही. आई आता एकटी मारुतीला जात नाही. कुणीतरी बरोबर असते, आणि परतताना रस्ता तिला शोधावा लागत नाही. तरी फाटकाशी थांबते.

मागच्या दसऱ्याला फाटक रंगवायला माणूस आला. त्याने खरवडायची पाती मोराच्या शेपटीखाली घातली, तशी ओसरीवरून आईचा आवाज आला: “त्याच्या बाजूनं रंग दे की रे बाबा! त्यो पक्का हाय.”