सिंधूचें गाणें

यंदाच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू असतां आमच्या शाळेच्या गायनवृंदानें सर्वांस बुचकळ्यांत टाकिलें. हींच मुलें व मुली तीन वर्षांमागें टाळ्यांच्या ठेक्यावर उड्या मारीत गाणीं म्हणत. त्यांचें गाणें सुरू झालें कीं मागच्या रांगेंतील लहान भावंडेंहि बाकांवर उभीं राहत. आतां दहावींत पोहोंचलेली ही मंडळी तालमीच्या पहिल्याच दिवशीं चार संथ, उदास चालींचीं गाणीं घेऊन आली. पेटी वाजविणाऱ्या मुलानें तर, "ढोलकी यंदा नको, गुरुजी," असें स्पष्टच सांगितलें. पुढें पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं उभे राहून विचारिलें, "कोंवळ्या मुलांच्या तोंडीं हीं रडगाणीं कशाला? घरीं काय रडणें कमी आहे?" सभेंत हशा पिकला. आम्हांस मात्र त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. तें नंतर घरीं जातांना, रेल्वेचा पूल उतरतां उतरतां सुचूं लागलें, आणि जसें सुचलें तसें येथें लिहीत आहों.

महाराष्ट्रांत एका अत्यंत लोकप्रिय गायक मंडळीनें आपला सूर असाच पालटला होता. ती मंडळी म्हणजे गंधर्व नाटक मंडळी. नारायण श्रीपाद राजहंस, ज्यांस सारें जग बालगंधर्व म्हणून ओळखतें, त्यांनीं गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस ह्यांच्यासह १९१३ सालीं ती स्थापिली. बालगंधर्व पुरुष असून स्त्रीभूमिका करीत, हें आजच्या मुलांस मुद्दाम सांगावें लागतें. त्यापूर्वीं १९११ सालीं किर्लोस्कर मंडळींत त्यांनीं खाडिलकरांच्या 'मानापमानां'तील भामिनी केली. १९१६ सालीं स्वतःच्या मंडळींत 'स्वयंवरां'तील रुक्मिणी केली. 'स्वयंवरा'च्या चाली भास्करबुवा बखले ह्यांनीं दिल्या होत्या. यमन, बिहाग असे प्रसन्न राग, भरजरी शालू, आणि शेवटीं लग्न! 'सौभद्रा'पासून प्रेक्षकांस हीच संवय लागली होती. नायिका दोन अंक रुसावी, तिसऱ्या अंकांत झुरावी, आणि पांचव्यांत अक्षता पडाव्या. एकेका पदास 'वन्स मोअर' मिळत मिळत नाटक पहाटेपर्यंत चालावें, व लोकांनीं तेंच पद गुणगुणत घरीं जावें.

अशा मंडळीनें ता. २० फेब्रुवारी १९१९ रोजीं बडोद्यास राम गणेश गडकरी ह्यांचें 'एकच प्याला' रंगभूमीवर आणिलें. तींत रुक्मिणीचा शालू नव्हता. ठिगळें लावलेलें लुगडें होतें. सिंधूचा पति सुधाकर हा हुशार वकील. न्यायाधीशाशीं झालेल्या खटक्यानें त्याची सनद कांहीं काळ रद्द होते, आणि त्या संतापांत तळीराम नांवाचा त्याचा कारकून त्यास पहिला पेला देतो. पुढें घर बुडतें, तान्हें मूल जातें, सिंधू जाते, आणि सुधाकर विष मिसळलेला शेवटचा पेला पिऊन मरतो. बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधू. ज्या गळ्यानें काल अक्षतांच्या आधींचीं पदें गाइलीं, त्याच गळ्यानें आज दळण दळणाऱ्या उपाशी बाईचीं पदें म्हणावयाचीं होतीं. मंडळीस हा जुगारच वाटला असला पाहिजे. लोक पैसे देऊन रडावयास कां येतील?

परंतु लोक आले. नुसते आले नाहींत, तर पुन्हां पुन्हां आले. ह्याचें एक कारण त्या दिवसांतच होतें, असें आमचें अनुमान आहे. १९१८ सालच्या शरदऋतूंत इन्फ्ल्युएंझाच्या सांथीनें हिंदुस्थानांत हाहाकार उडविला, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वांत अधिक होरपळलेल्या प्रांतांपैकीं एक होता. अवघ्या चार-पांच महिन्यांपूर्वीं घरचें माणूस गेलें नाहीं असे प्रेक्षक त्या वर्षीं थोडेच असतील. त्यांस रुक्मिणीचा विवाहसोहळा पाहून बरें वाटलें असेल, नाहीं असें नाहीं. पण आपल्या घरांतील गोष्ट कोणी तरी सुरांत बसवून आपल्यापुढें ठेविली, ह्याचें समाधान निराळें.

हें नाटक लिहिणारा पुरुष तें पाहावयास जिवंत नव्हता. गडकरी क्षयानें खंगले होते. नागपूरजवळ सावनेर येथें ता. २३ जानेवारी १९१९ रोजीं वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला; बडोद्याचा पहिला प्रयोग त्यानंतर महिना भरण्याच्या आंतच झाला. 'भावबंधन' नाटकाचा शेवट त्यांनीं सावनेरास अगदीं अखेरच्या दिवसांत पुरा केला. 'एकच प्याल्या'चीं पदें रचण्याचें काम त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनीं केलें. मुंबईकडून नागपुरास जाणारा लोहमार्ग आमच्या बडनेऱ्यावरूनच जातो. संध्याकाळीं फलाटावर उभे असतां आमच्या मनांत पुष्कळदां येतें कीं, नाटक मंडळ्यांचे पडदे, पेटारे व तंबोरे अमरावतीस न्यावयाचे तर येथेंच गाडी बदलावी लागे. हमालांनीं ह्याच फलाटावर कोण्या सिंधूचें ठिगळांचें लुगडें कोण्या रुक्मिणीच्या शालूबरोबर एकाच पेटाऱ्यांत उचललें असेल! अर्थात् ही आमची कल्पना. तिला पुरावा मागूं नये.

आतां गाण्याविषयीं. उदास चाल म्हणजे कोमल स्वर, अशी मुलांची समजूत असते, आणि गायनवृंदानेंहि प्रथम तेंच केलें. सारीं गाणीं भैरवींत ओढलीं. परंतु बालगंधर्वांची युक्ति निराळी होती. 'एकच प्याल्या'च्या कांहीं चाली त्यांस मुंबईच्या सुंदराबाई जाधव ह्यांच्याकडून मिळाल्या. त्या ठुमरी, गझल, कजरी ह्या अंगाच्या, म्हणजे ख्यालाच्या भारदस्तपणाहून मवाळ, घरगुती वळणाच्या. त्यांत तानांचा वर्षाव नाहीं. शब्द सांवकाश यावा, त्याच्या शेवटीं सुरानें किंचित् रेंगाळावें, आणि आवाज कधींहि फुटूं नये. जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आज कोणासहि मोबाईलवर ऐकतां येतात. ऐकून पाहा: त्यांत हुंदका कोठेंच नाहीं. सूर इतका जागच्या जागीं लागलेला असतो कीं ऐकणाराच कासावीस होतो. आम्हीं हें मुलांस ऐकविलें तेव्हां तबला वाजविणारी मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही रडतच नाहीं, आपल्यालाच रडावयास लावते." तिनें एका वाक्यांत जें सांगितलें तें आम्हांस दोन तालमींत सांगतां आलें नव्हतें.

आणखी एक गोष्ट ह्या मंडळीकडून शिकण्यासारखी आहे. अंधाराकडे वळतांना तिनें दिवे सगळे मालविले नाहींत. त्याच नाटकांत तळीराम व त्याचें 'आर्य मदिरामंडळ' आहे, आणि त्यांच्या भाषणांनीं प्रेक्षागृह हसून हसून लोळे. शिवाय 'मानापमान' व 'स्वयंवर' हीं नाटकेंहि मंडळी करीतच राहिली. नाटकमंडळीस पोट असतें, हें खरें. पण केवळ पोटाचीच गोष्ट नसावी. ज्या ता. १२ मार्च १९११ रोजीं 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती, आणि तरीहि त्यांनीं ती हंसती-खेळती भामिनी उभी केली. ही हकीकत वाचली कीं आम्हांस नेहमीं वाटतें, आनंदाचीं गाणीं गाणारास दुःख ठाऊक नसतें असें कोणीं सांगितलें? आमच्या शाळेंत रोज सकाळीं प्रार्थना होते. स्तोत्रसंहितेंतील कितीतरी स्तोत्रें हीं निव्वळ विलाप आहेत, आणि तीं स्तवनांच्या शेजारींच बांधलीं आहेत. तीं वगळावीं असें आजवर कोणत्याहि पालकानें सुचविलेलें नाहीं.

इतकें झाल्यावर त्या सद्गृहस्थांस उत्तर मिळालें, असें म्हणून लेखणी खालीं ठेवावयास हरकत नव्हती. परंतु त्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहतो. घरीं काय रडणें कमी आहे? हा प्रश्न आम्हीं पूर्वीं एकदां ऐकिला आहे, आणि तोहि आमच्याच घरीं.

आमचे वडील बडनेरा स्थानकावर सांधेवाले होते. माणूस कामाला चोख. पण पगाराच्या आठवड्यांत संध्याकाळीं नव्या वस्तींतील आमच्या खोलीकडे येणारीं त्यांचीं पावलें आम्ही भावंडें अंथरुणांतून मोजीत असूं. पावलें सरळ पडलीं कीं झोंप लागे. घरीं एक लहानसा रेडिओ होता, आणि नागपूर केंद्रावरून नाट्यगीतें लागत. आईला गाण्याची फार आवड. परंतु सिंधूचें पद लागलें कीं ती पोळपाटावरून उठून, पिठाच्या हातांनीं, बटण बंद करी. एकदां थोरल्या बहिणीनें कारण विचारिलें. आई म्हणाली, "हे बाई गात काहून बसते? लेकरू घेऊन माहेरी जात नाही काहून? घरी काय रडनं कमी हाय?"

ह्या आक्षेपास गंधर्व मंडळीपाशीं उत्तर नाहीं, आणि आमच्यापाशींहि नाहीं. नाटकाच्या शेवटीं मरणोन्मुख सिंधू, आपण पडलों म्हणून लागलें, असें खोटें सांगून नवऱ्यास वांचवूं पाहते. तो प्रसंग इतक्या गोड सुरांच्या पाठोपाठ येतो कीं सोसणेंच सुंदर वाटूं लागावें. उदास गाण्याचा हा धोका आहे, आणि तो आम्हीं गायनवृंदास उघड सांगितला. त्यांनीं ऐकून घेतलें, व चारांपैकीं एक गाणें आपण होऊन गाळलें. उरलेलीं तीन त्यांनीं गाइलीं. संमेलनांत शेवटच्या गाण्यानंतर लगेच एक टाळ्यांचें गाणें ठेवावें अशी आमची सूचना होती. ती मात्र त्यांनीं विनयपूर्वक अमान्य केली, आणि त्यांचेंच बरोबर होतें.

वडिलांची ती संवय पुढें सुटली. कशी सुटली हा विषय निराळा. त्यांस जाऊनहि आतां बरीच वर्षें झालीं. संमेलनाच्या आदल्या रात्रीं आम्ही घरीं मोबाईलवर ती जुनी तबकडी ऐकत बसलों होतों. आई जवळच तांदूळ निवडीत होती. ती उठून बंद करावयास सांगेल अशी आमची खात्री होती. पण ती कांहीं बोलली नाहीं, फक्त सुपावरचा हात थांबला. आमची धाकटी पुतणी, इयत्ता पांचवी, म्हणाली, "आजी, ही बाई रडते आहे, तर मोठ्यानं कां रडत नाहीं?"

"बाई नोहे थे, माणूस होय," आई म्हणाली. मग कांहीं वेळानें म्हणाली, "मोठ्यानं रडलं तं शेजारी आयकतेत."

गाणें संपलें. आईनें सूप पुन्हां हलविलें, आणि आम्हांस म्हणाली, "आवाज जरासा लहान कर, अन् पुन्हा लाव."