आधीं दिवा, मग केरसुणी

गेल्या सुटीच्या पहिल्या आठवड्यांत शाळेच्या आवारांतील जुन्या मिशन-बंगल्याची कोठी साफ करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. मोडकीं बाकें, वाळवी लागलेल्या पेट्या आणि भाता फाटलेली बाजाची पेटी यांच्यामागें एक सायकल भिंतीस टेकून उभी होती. चाळीस वर्षांपूर्वीं येथें शिकवून मायदेशीं परतलेल्या कोणा अमेरिकन गृहस्थांची ती, एवढेंच आमचे वृद्ध माळीबुवा सांगत. भंगारवाल्यानें वजन करून तिचा भावहि सांगितला होता. परंतु तिचीं रुंद चाकें, आडवें लांब हँडल आणि मोटारसायकलीस शोभावे तसे ब्रेकचे खटके पाहून आम्हांस कुतूहल वाटलें, व तिला पुन्हां चालती करावी असें आम्हीं मनांत घेतलें.

येथेंच आमच्या हातून चूक घडली. एखादी वस्तु सुधारावयाची लहर आली कीं माणसास धीर राहत नाहीं. आम्ही त्याच सायंकाळीं पॉलिश पेपर घेऊन सीटखालची नळी घासावयास बसलों. मदतीस आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांचें सायकलदुरुस्तीचें लहानसें दुकान आहे. तो म्हणाला, "सर, त्यावर कांहींतरी चिकटविलेलें आहे. आधीं वाचूं या ना." आम्ही म्हणालों, "अरे, गंजावर काय लिहिलेलें असणार?" आणि दोन मिनिटांत तळहाताएवढी जागा चकचकीत झाली. जें कांहीं तेथें होतें, तें भुकटी होऊन जमिनीवर पडलें.

मुलगा पुढें बोलला नाहीं. त्यानें सायकल उलटी केली, रॉकेलांत चिंधी बुडविली आणि पेडलच्या दांड्याखालचा चिखल हळूहळू पुसला. आंतून फ्रेमचा क्रमांक निघाला. मग मागच्या गिअरच्या पाठीवर त्यास इंग्रजी वाय आणि डी हीं दोन बारीक अक्षरें सांपडलीं. वरच्या नळीवर 'स्टम्पजंपर' या नांवाचीं कांहीं अक्षरें अद्याप शिल्लक होतीं. एवढ्या सामग्रीवर आमचा शोध सुरू झाला.

जपानचा सनटूर कारखाना आपल्या मालावर दोन अक्षरें उठवीत असे. पहिलें वर्षाचें, दुसरें महिन्याचें. वाय म्हणजे १९८२ आणि डी म्हणजे एप्रिल. स्पेशलाइज्ड या अमेरिकन कंपनीची स्टम्पजंपर १९८१ सालीं प्रथम बाजारांत आली. जपानांत तयार झालेली, पंधरा गिअरांची ही सायकल मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या पहिल्या डोंगरी सायकलींपैकीं होय. तेव्हां आमच्या कोठींतील अडगळ ही तिच्या कुळाच्या अगदीं पहिल्या पिढींतील होती.

त्या कुळाचा वृत्तांत तर याहून मनोरंजक आहे. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत टॅमलपाइस नांवाचा डोंगर आहे. त्या परिसरांत १९७० नंतरच्या दशकांत जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली प्रभृति तरुण १९३० च्या सुमाराच्या जाड टायरांच्या जुन्या सायकली अडगळींतून शोधून आणीत, दुरुस्त करीत आणि डोंगरावरून खालीं सोडीत. ता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळ त्यांनीं पहिली शर्यत लाविली. सुमारें दोन मैलांत १३०० फूट उतार! उलट पेडलनें लागणारा मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर होई, व प्रत्येक फेरीनंतर नवें ग्रीस भरावें लागे. म्हणून त्या वाटेस 'रीपॅक' म्हणजे 'पुन्हां भरा' हें नांव पडलें. जुन्या फ्रेमी या माऱ्यास टिकेनात, तेव्हां १९७७ सालीं जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं नवी फ्रेम घडविली. ती सायकल आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. म्हणजे ज्या सायकलीस आम्ही अडगळींतून उचलीत होतों, तिचे पूर्वजहि कोणीतरी अडगळींतूनच उचलले होते!

हें सारें वाचीत असतांना आम्हांस आणखी एक गोष्ट कळली. सायकल विकणारे दुकानदार सीटखालच्या नळीवर आपल्या नांवाची व गांवाची चिठ्ठी चिकटवीत. ती असती, तर ही सायकल कोणत्या गांवाहून आली तें कळलें असतें. कदाचित् त्या गृहस्थांच्या कुटुंबाचाहि ठाव लागता. ती चिठ्ठी आम्हींच आमच्या हातानें घासून टाकिली होती.

पुढील काम मात्र आम्ही त्या मुलाच्या सल्ल्यानें करूं लागलों. अॅल्युमिनियमचा सीटचा दांडा पोलादी नळींत गंजून घट्ट धरला होता. त्यावर हातोडा न चालवितां रोज तेल सोडिलें. नवव्या दिवशीं तो हलला. जुन्या घरगुती सायकलीचा २६ इंची टायर आम्ही घेऊन आलों, तों मुलगा हंसला. त्या टायरची बैठक ५९० मिलिमीटर, आणि डोंगरी सायकलीची ५५९. दोन्हीं २६ इंचीच म्हणवितात! चाकांतील छर्रे बदलले, साखळी नवी घातली. रंग मात्र नवा दिला नाहीं. राहिलेला रंग मऊ कापडानें पुसून त्यावर मेण चढविलें.

लूककृत शुभवर्तमानांतील हरवलेल्या नाण्याचा दाखला आम्हीं उपासनेच्या तासास कितीदां तरी वाचला असेल. परंतु त्या बाईनें घर झाडण्यापूर्वीं दिवा लाविला, ही गोष्ट आमच्या ध्यानांत त्या दिवसांत आली. दिव्यावांचून केरसुणी फिरविली असती, तर नाणें केराबरोबर बाहेर जातें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गुरुजनांपाशींहि घासावयाचा कागद असतोच. ज्या मुलानें आम्हांस थांबविण्याचा प्रयत्न केला, त्याच्या प्रगतिपुस्तकांत पहिल्या सहामाहीस "लक्ष देत नाहीं" असा शेरा आम्हींच लिहिला होता. तो आतां पुसतां येत नाहीं. दुसऱ्या सहामाहीचा शेरा मात्र त्याला जवळ बसवून, चार प्रश्न विचारून मग लिहिला.

ती सायकल सध्यां विज्ञानशाळेच्या ओसरीवर उभी असते व शनिवारीं टेकडीवर जाते. नळीवरील ती तळहाताएवढी उघडी जागा आम्हीं मुद्दामच रंगविली नाहीं. गंज चढूं नये म्हणून तिजवर नुसता पारदर्शक लेप दिला आहे. नवीं मुलें विचारतात, "सर, येथला रंग कसा गेला?" तेव्हां आम्ही खरें तें सांगतों.